स्वयंपाकघरातलं घड्याळ

बाझेल, मंगळवार, ९ ऑक्टोबर १९९०

प्रिय ओटिली,

खुशाल असशील अशी आशा करते. मीही ठीक आहे. गारठा सुरू झाला की उजवा गुडघा कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. नोकरी तीच, औषध कंपनीतली, टंकलेखन विभागात. खिडकीजवळची जागा मात्र आता माझी आहे.

ग्लारुसहून तुझं पोस्टकार्ड शनिवारी आलं. बारा वर्षांनी तुझं अक्षर दिसलं आणि पहिला विचार आला तो हा, की हिला माझा पत्ता कुणी पुरवला? मग लक्षात आलं की पत्ता जुनाच आहे, मी इथून कधी हललेच नाही. दुसरा विचार असा, की पोस्टकार्ड का? लिफाफ्यात घालायला काय झालं होतं? आमच्या टपालवाल्याने ते वाचलंच असणार. पेटीत टाकायचं सोडून माझ्या हातात दिलं आणि वर ‘ग्लारुसला बर्फ पडलं का हो?’ असं विचारलं. एरवी हा मनुष्य मान वर करत नाही.

तू लिहितेस: ‘माझं कार्ड बर्नहून आलं. तीन ओळी आहेत. माझ्या स्वयंपाकघरात घड्याळ कुठं टांगलेलं होतं, तुला आठवतं का?’ बस. ना कशी आहेस, ना काय चाललंय. बारा वर्षांनी माणूस घड्याळाची चौकशी करतो तेव्हा त्याच्या मनात दुसरंच काहीतरी असतं, एवढं मला कळतं.

इकडे तर कार्डांशिवाय दुसरा विषयच नाही. गेल्या हिवाळ्यात बर्नमधली सरकारी कपाटं उघडली आणि आपल्या या नीटनेटक्या देशात पोलिसांनी लाखो माणसांची गुपचूप कार्डं लिहून ठेवली होती हे बाहेर आलं. तेव्हापासून जो तो अर्ज करतोय आणि आपल्या कार्डाच्या छायाप्रतीची वाट बघतोय. सोमवारचं आपलं मंडळ अजून भरतं, ‘काळं अस्वल’ खानावळीच्या त्याच मागच्या खोलीत. पूर्वी तिथे अणुवीजभट्टी कशी रोखायची यावर भांडणं व्हायची. आता पानं मोजतात. रुएदीची चोवीस आली. त्याने ती कापडी बांधणीत बांधून घेतली आहेत आणि बिअर मागवायच्या आधी टेबलावर ठेवतो. युर्गला नऊच आली, तर तो दोन आठवडे घुश्शात होता. म्हणे त्याची अर्धी पानं दडवली. त्याची बायको मला म्हणाली, ‘लग्नाच्या दिवशीसुद्धा हा एवढा हिरमुसला नव्हता.’ तिला तेव्हा काय म्हणायचं होतं कोण जाणे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. माझी अकरा आली. त्यात काय आहे ते टपालाने लिहिण्याजोगं नाही.

आता मुद्द्याचं. रुएदी मंडळाच्या पंधरा वर्षांची पुस्तिका काढतोय. मजकूर त्याचा, टंकलेखन अर्थातच माझं. त्यात एक प्रकरण १९७८च्या मार्चमधल्या त्या शुक्रवारावर आहे. आपण तेवीस जण वीजभट्टीच्या उत्तरेकडच्या फाटकावर लॉऱ्यांसमोर आडवं पडायला गेलो आणि तिथे आधीच पोलिसांची रांग उभी होती. एकाने तुझ्या हातातला थर्मास बघून ‘चहा की कॉफी?’ विचारलं होतं. फाटक कुठलं हे फक्त आपल्याला ठाऊक होतं. तेव्हा आतलं कुणीतरी फुटलं होतं, हे तर उघडच. पुढच्या सोमवारी जे झालं ते तुला माहीत आहे, उगाळत नाही.

त्या प्रकरणाची कुणकुण तुला लागली आहे का? म्हणून लिहिलंस का? तसं असेल तर सरळ विचार.

घड्याळाचं मला काही आठवत नाही.

तुझी,
मा.

ता. क. पुढच्या वेळी लिफाफा वापर.


बाझेल, गुरुवार, २५ ऑक्टोबर १९९०

प्रिय ओटिली,

तू बरी असशील. जत्रेचे पाळणे चौकात उभे राहिले आहेत, शनिवारी सुरू होईल. कंपनीतून येताना भाजलेल्या चेस्टनटचा वास येतो आणि तुझी आठवण होते. तू ते हातमोजे न काढता सोलायचीस.

तुझं दुसरं पोस्टकार्डही मिळालं. पुन्हा उघडं. ‘घड्याळाचं उत्तर राहिलं.’ माझ्या अकरा पानांबद्दल एक अक्षर नाही. युर्गने तर आपल्या नऊबद्दल अभिनंदन करून घेतलं होतं. मी तीन दिवस ते कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि तुझ्यावर चिडत राहिले. शाळेत तू असंच करायचीस. मुलाला ओरडायचं नाही, मारायचं नाही, नुसतं प्रश्न विचारून गप्प बसायचं. मग ते पोर आपणहून सगळं ओकून मोकळं व्हायचं. मला ते तेव्हाही कपटीपणाचं वाटायचं.

तर ऐक. अकरा पानं आलेली नाहीत. एकही आलेलं नाही. बर्नहून आलं ते एक पत्र. ‘आपल्या अर्जानुसार तपासणी केली असता आपल्या नावाने कोणतीही नोंद आढळली नाही.’ खाली सही आणि शिक्का. मी पत्र उलटं करून पाहिलं. मग उजेडासमोर धरलं. मग त्या कार्यालयाला फोन लावला, कारण माझी खात्री होती की आडनावात घोळ झाला असणार किंवा मुद्दाम केला असणार. तिथल्या बाईने बिचारीने आडनाव दोन्ही प्रकारे लिहून शोधलं, जन्मतारखेवरून शोधलं, आणि म्हणाली, ‘काहीच नाही हो. अभिनंदन.’

अभिनंदन म्हणाली ती मला. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडले, टिली. पंचेचाळीस वर्षांची बाई, पोलिसांनी पाळत ठेवली नाही म्हणून रडते आहे. हे मी कुणाला सांगणार होते?

पंधरा वर्षं मंडळाचं प्रत्येक पत्रक मी टाइप केलं. बैठकीच्या वेळी फोनवर उशी ठेवली, पत्रांवर सही म्हणून फक्त आद्याक्षर टाकलं, ट्राममधून एक थांबा आधी उतरून पायी गेले, मागे कुणी येतंय का बघत. कुणीच येत नव्हतं. मला वाटायचं ते फार हुशार आहेत, म्हणून दिसत नाहीत.

रुएदीने सोमवारी सगळ्यांदेखत विचारलं, ‘आणि तुझी किती गं?’ मी अकरा म्हणाले. युर्गपेक्षा जास्त आणि रुएदीला डाचणार नाही इतकी. वर मला हेही भय होतं, की काहीच नाही म्हणाले तर पुढचा प्रश्न काय येईल. जिच्यावर कार्ड नाही ती कुणाची माणूस? आमच्या खोलीत असाच विचार करतात. मीही तसाच करते.

मग ठरलं की ५ नोव्हेंबरला प्रत्येकाने आपली पानं मोठ्याने वाचायची. झाली का पंचाईत. तेव्हा मी ती तयार करायला घेतली. हस, हवं तर. पुस्तिकेसाठी तारखा पडताळायच्या आहेत असं सांगून रुएदीची चोवीस पानं घरी आणली, नमुना म्हणून. संध्याकाळी कंपनीतल्या जुन्या यंत्रावर बसून स्वतःबद्दल लिहिलं. ‘संशयित अत्यंत सावध. गटात तिच्या मताला वजन आहे. तिच्याशिवाय निर्णय होत नाहीत.’ मधूनमधून काळ्या शाईने पट्टे ओढले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

आणि मग रुएदीच्या सतराव्या पानावर मला ते दिसलं. बुधवार, १५ मार्च १९७८. ‘शिक्षिका’, त्यापुढे नावावर काळा पट्टा, ‘हिच्या स्वयंपाकघरात भिंतीवरील घड्याळामागे आवाराचा नकाशा लपवलेला आहे. शुक्रवारी उत्तर फाटक.’ मंडळात शिक्षिका तू एकटीच होतीस. तुझ्या तीन ओळी याच असणार.

रुएदीने त्याचा अर्थ लावून ठेवला आहे. तो म्हणतो, तुझ्या स्वयंपाकघरातलं तुझ्याशिवाय कोण सांगणार? संशय येऊ नये म्हणून हेराला आपलंही नाव गोवावं लागतं, ही त्यांची रीतच आहे. तुझ्यावर कार्ड निघालं हा पुरावा. निघालं नसतं तर तोही पुरावाच झाला असता. त्या प्रकरणात तो तुझं पूर्ण नाव छापणार आहे, ओटिली ब्रुगर, शिक्षिका. पुस्तिका शुक्रवारी १६ नोव्हेंबरला छापखान्यात जाईल. आठशे प्रती. ग्रंथालयांनाही पाठवणार आहेत, ग्लारुसलासुद्धा.

तेव्हाच्या त्या सोमवारी फोनची गोष्ट मीच काढली होती, हे तू विसरली नसशील. आपल्या सगळ्यांचे फोन कडकडायचे. निदान सगळे तसं म्हणायचे. कडकडणं म्हणजे पोलीस ऐकताहेत आणि पोलीस ऐकताहेत म्हणजे आपण कुणीतरी आहोत. तुला विचारलं तर तू म्हणालीस, ‘माझा नाही बाई कडकडत. स्वच्छ ऐकू येतं.’ आणि हसलीस. फाटकावरच्या फजितीनंतर मी ते वाक्य खोलीत पुन्हा म्हणून दाखवलं. एवढंच म्हणाले, ‘टिलीचा फोन कधी कडकडत नाही.’ पुढचं रुएदीने केलं. तू कोट घातलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी खुर्च्या लावत होते.

माझाही फोन कधी कडकडला नव्हता.

घड्याळाचं आज लिहवत नाही.

मार्लीस


बाझेल, बुधवार, ७ नोव्हेंबर १९९०

प्रिय टिली,

तुझ्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं.

समोरच्या चर्चची घंटा दर पाव तासाला वाजायची म्हणून तू कधी घेतलंच नाहीस. त्या भिंतीवर बेकरीचं कॅलेंडर होतं, मांजरांचं. घड्याळ कुठून आलं हे तुलाही ठाऊक असणार, नाहीतर तू मलाच विचारलं नसतंस. तरी माझ्या हाताने लिहिते.

आज माझी धुलाईची पाळी आहे. हे पत्र मी तळघरात, यंत्राच्या शेजारी बसून लिहिते आहे. इथली पद्धत अजून तीच. दर दुसऱ्या बुधवारी इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीची किल्ली माझ्याकडे येते आणि संध्याकाळी फरशी कोरडी पुसून खालच्या मजल्यावर द्यायची. तेव्हा माझ्यानंतर पाळी झ्वालेनबाईंची असायची. पहिल्या मजल्यावरच्या, कुरळ्या पांढऱ्या केसांच्या, तुला एकदा जिन्यात भेटल्या होत्या. त्या किल्ली घ्यायला तासभर आधीच यायच्या. एकट्या बाईला मोठ्या चादरींची घडी जमत नाही, म्हणून मी दोन टोकं धरायची, त्यांनी दोन. लांब व्हायचं, जवळ यायचं, टोकं हातात द्यायची, पुन्हा लांब. त्यात गप्पा व्हायच्या.

मंडळात माझं कुणी ऐकून घेत नसे, टिली. तुला ते कधी दिसलं नाही, कारण तुझं सगळे ऐकायचे. तू तोंड उघडलंस की रुएदीसुद्धा पाइप बाजूला ठेवायचा. मी बोलले तर म्हणायचा, ‘हे टाइप करून ठेव.’ आणि इथे तळघरात एक म्हातारी डोळे मोठे करून ऐकायची. ‘काय सांगतेस! मग पुढे?’ म्हणायची. मी सांगत गेले. आधी खरं सांगितलं. ते फार चटकन संपलं, कारण आपण बहुतेक वेळा पत्रकांतल्या स्वल्पविरामांवरच भांडायचो. मग थोडं रंगवून सांगितलं. त्या बुधवारी उत्तरेचं फाटक सांगितलं, ते खरं होतं. तू शाळेच्या मुलांना सहलीला नेऊन आवाराला चक्कर मारलीस आणि फाटक निवडलंस, हेही खरं होतं. पण चादरीच्या पलीकडून त्या बघत राहिल्या, आणखी काहीतरी यावं म्हणून. मी म्हणाले, नकाशा टिलीच्या स्वयंपाकघरात आहे, घड्याळामागे. घड्याळ मी तिथल्या तिथे बनवलं.

आता यातलं सगळ्यात वाईट. झ्वालेनबाईंचा जावई पोलीस खात्यात कारकून होता. मला ते माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. त्याची दुचाकी दर बुधवारी संध्याकाळी दारात असायची. मी बेसावध होते, भोळी होते, असं तुला वाटावं हे मला फार हवं आहे, पण ते खरं नाही. आपलं नाव कुठेतरी पोचावं असं मला वाटत होतं. कुठेतरी एका खोलीत कुणीतरी गंभीर चेहऱ्याने मार्लीस टानर हे नाव लिहून घेतंय, असं मी चादरी धरून उभी असताना मनात चित्र काढायची. तुझ्या नोकरीचं काय होईल हे तेव्हा मनातही आलं नाही. एप्रिलमध्ये शाळेने तुझा करार पुढे वाढवला नाही हे कळलं, तेव्हा मात्र लगेच आलं. आणि तोवर तुझ्याकडे बोट दाखवून झालं होतं.

गेल्या शनिवारी मी झ्वालेनबाईंना भेटायला वृद्धाश्रमात गेले. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, कान ठीक, डोकंही ठीक. रविवारचा, वेणीसारखा गुंफलेला पाव नेला होता. खरं तर मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं की त्या कधी काही बोलल्याच नाहीत, सगळं दुसऱ्याच कुणीतरी केलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. जावई जेवायला आला की विचारायचा आणि त्या सांगायच्या. त्याला तेवढंच बरं वाटायचं, साहेब शाबासकी द्यायचे. त्यातल्या कशाचं काही झालं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी विचारलं, मग माझ्याबद्दल काय सांगितलंत?

त्यांनी माझा हात थोपटला. ‘तुझं नाव मी कध्धी घेतलं नाही हो पोरी. तुझ्याबद्दल काय सांगणार? तू बिचारी काहीच करत नव्हतीस.’

प्रेमाने म्हणाल्या. मला वाचवल्याच्या समाधानाने म्हणाल्या. मी त्यांना पावाला लोणी लावून दिलं आणि उठले. ट्रामच्या थांब्यावर उभी राहिले, दोन ट्राम गेल्या तरी चढले नाही.

परवा सोमवारी मंडळ भरलं. वाचन सुरू झालं. माझ्या पिशवीत दोन्ही होती, बर्नचं पत्रही आणि मी बनवलेली अकरा पानंही. युर्गचं वाचून होईपर्यंत कुठलं बाहेर काढणार हे मलाच माहीत नव्हतं. मी पत्र काढलं. वाचायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी ओळखली, कारण बारा वर्षांपूर्वी मी त्या बाजूला बसले होते. रुएदीने विचारलं, ‘म्हणजे तुझ्यावर काहीच नाही?’ मी म्हणाले, नाही, आणि माझा फोनही कधी कडकडला नाही. मग धुलाईखोली, चादरी, जावई, घड्याळ, सगळं सांगितलं. तुझ्या भिंतीवर मांजरांचं कॅलेंडर होतं हेही सांगितलं.

त्यांनी विश्वास ठेवला नाही, टिली.

आधी युर्ग हसला. रुएदीने आपल्या कापडी बांधणीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘मार्लीस, तू मनाने चांगली आहेस. मैत्रिणीला वाचवायचंय, कळतं मला. पण उगाच स्वतःला एवढी मोठी करू नकोस. आपलं आंदोलन काय तळघरातल्या धुण्याने बुडालं?’

तेव्हा मला त्याचा चेहरा नीट दिसला. तो घाबरला होता. त्याला पंधरा वर्षं पुरेल असा पोलिसांचा कसलेला हेर हवा होता, एवढ्या कामाची माणसं आपण होतो हे दाखवायला. त्या जागी एक म्हातारी आणि भिजलेल्या चादरी त्याला परवडणाऱ्या नव्हत्या. मला त्याचा राग आला नाही. त्याची चोवीस पानं मला माझ्या अकरा पानांसारखीच दिसली. फरक एवढाच की त्याची दुसऱ्याने लिहिली होती.

तिथून चालत घरी आले. वाटेत स्वतःवरच संशय आला. हे मी तुझ्यासाठी सांगितलं, की शेवटी एकदाची गोष्टीच्या मधोमध उभी राहायला मिळाली म्हणून? सांगताना सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि माझ्या पोटात कुठेतरी, अगदी थोडंसं, बरं वाटलं होतं. हे तुला न सांगता पत्र संपवलं असतं तर तेही खोटंच झालं असतं. यातून सुटायचा उपाय मला सापडलेला नाही. मी आता पंचेचाळीसची आहे आणि मला अजून कुणीतरी नाव लिहून घ्यावं असं वाटतं.

पण पुस्तिकेचं टंकलेखन माझ्याकडेच आहे. रुएदी टाइप केलेलं कधी परत वाचत नाही, पंधरा वर्षांत एकदाही वाचलेलं नाही. त्या प्रकरणातलं सदतिसावं पान मी काढून टाकलं आहे आणि त्या जागी दुसरं घातलं आहे. तो छापून आल्यावर वाचेल. मग मंडळात मला जागा राहणार नाही, हे मी धरून चालले आहे. सोमवारी संध्याकाळी माणूस काय करतो हे मला शिकावं लागेल.

नव्या पानाची प्रत या लिफाफ्यात आहे. पहिलं वाक्य असं आहे: ‘ओटिली ब्रुगर यांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं.’ पुढे काय झालं ते तारखांसकट आहे, तू निर्दोष होतीस हे आहे, तुझा फोन कडकडत नव्हता कारण तू खरं बोलत होतीस हेही आहे. झ्वालेनबाईंचं नाव घातलेलं नाही. त्यांच्यावर राग धरायचा माझा अधिकार नाही. माझं नाव आहे, दोनदा. मंडळाच्या कागदांत माझं नाव पहिल्यांदाच येतंय आणि ते या कारणासाठी येतंय, त्यामुळे मी त्यावर कितीही डोळा ठेवून असले तरी चालेल असं वाटतं.

तू उत्तर दिलंस किंवा नाही दिलंस, पान जाणार आहे. माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायची मला लाज वाटते. फक्त तुझी शाळा, तुझी मुलं, चौथ्या इयत्तेतला तो तोतरा बोलणारा मुलगा ज्याला तू गाणं म्हणायला लावून बोलतं केलंस, ते सगळं मी एका चादरीच्या टोकाशी घालवलं, हे मला माहीत आहे. रोज माहीत असतं.

यंत्र थांबलं आहे. हल्ली मोठ्या चादरी मी वापरत नाही, एकटीला घडी जमत नाही.

आपण पत्रांवर आद्याक्षर टाकायचो, कुणाला कळू नये म्हणून. आज पूर्ण लिहिते. लिफाफा न वापरता पोस्टकार्ड पाठवत राहिलीस, याचा अर्थ मला आता कळतो आहे. तुझ्याकडे लपवायला काही नव्हतंच.

मार्लीस एमा टानर
दुसरा मजला, डावीकडचं दार. फोन स्वच्छ ऐकू येतो.